लांकडी धनुष्याचें पुनरागमन

इ. स. १५४५ हें वर्ष धनुर्विद्येच्या इतिहासांत दोन गोष्टींसाठीं लक्षांत ठेवण्याजोगें आहे. त्या वर्षीं इंग्लंडांत रॉजर अ‍ॅस्कम या विद्वानाचा 'टॉक्सोफिलस' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. धनुर्विद्येवर इंग्रजी भाषेंत छापलेला तो पहिलाच ग्रंथ. आणि त्याच वर्षाच्या जुलै महिन्यांत राजा आठव्या हेन्रीचें 'मेरी रोझ' हें लढाऊ जहाज पोर्टस्मथ बंदराबाहेर, आपल्या धनुष्यांसह आणि धनुर्धरांसह, समुद्रांत बुडालें. अ‍ॅस्कम हा पेशानें अध्यापक. पुढें राणी झालेल्या एलिझाबेथचा तो कांहीं काळ गुरु होता. उभें राहणें, बाण दोरीला लावणें, ओढणें, रोखणें आणि सोडणें अशीं नेमबाजीचीं पांच अंगें त्यानें दोन मित्रांच्या संवादांतून एखाद्या उत्तम पंतोजीप्रमाणें उलगडून दाखविलीं आहेत. धनुष्य विकत घेतांना काय पाहावें हेंहि तो सांगतो. परंतु तें तासावयाचें कसें हें काम त्यानें कारागिराच्याच हातीं ठेवलें आहे. त्या वेळीं गल्लोगल्लीं धनुष्यें करणारे होते. जें रोज डोळ्यांसमोर चाललें आहे तें कोण लिहून ठेवतो?

पुढें पन्नासच वर्षांनीं, १५९५ सालीं, इंग्लंडच्या राजमंडळानें सैन्याच्या पथकांतून धनुष्य काढून टाकून बंदूक घेण्याचा हुकूम दिला. धनुष्य एकाएकीं नाहींसें झालें नाहीं. १७८१ सालीं लंडनमध्यें हौशी धनुर्धरांचें एक मंडळ निघालें आणि सुखवस्तु स्त्रीपुरुष बागेंतील हिरवळीवर गवती निशाणें मारूं लागले. त्यांच्यासाठीं हलकीं, देखणीं धनुष्यें करणारे कांहीं कारागीर उरले होते. परंतु ज्या विद्येवर माणसाची भाकरी आणि प्राण अवलंबून होते ती विद्या निराळी, आणि फावल्या वेळचा हा खेळ निराळा.

लांकडी धनुष्य दिसावयास अगदीं साधें असतें. एक काठी, एक दोरी. पण एवढें साधें दिसणारें दुसरें कोणतेंहि आयुध कारागिराची इतकी परीक्षा पाहत नसेल. धनुष्य वांकतें तेव्हां त्याची बाहेरची बाजू, म्हणजे पाठ, ताणली जाते आणि धनुर्धराकडील बाजू, म्हणजे पोट, दाबली जाते. बहुतेक लांकडें ताण चांगला सोसतात, दाबापुढें मात्र लवकर नमतात. यू नांवाच्या सूचिपर्णी वृक्षाची ख्याति याच कारणानें झाली. त्याच्या सालीलगतचा पांढरा थर ताण सोसतो आणि आंतील तांबूस गाभा दाब सोसतो. निसर्गानेंच दोन लांकडें आयतीं जोडून दिल्यासारखें तें आहे. इंग्लंडांत चांगला यू पुरेना तेव्हां १४७२ सालीं कायदा झाला कीं, बंदरांत येणाऱ्या व्यापारी जहाजांनीं मालाच्या दर टनामागें धनुष्याचे चार दांडे आणलेच पाहिजेत. या वृक्षाचा एक सख्खा भाऊ आपल्या हिमालयांतहि वाढतो.

लांकूड मिळालें म्हणजे निम्मेंहि काम झालें नाहीं. मुठीच्या वरचा आणि खालचा असे धनुष्याचे दोन बाहु असतात, आणि ते सारखे वांकले पाहिजेत. जेथें जाडी राहील तेथें बाहु काठीसारखा ताठ राहतो. जेथें लांकूड अंमळ अधिक निघेल तेथें सगळा वांक गोळा होतो, आणि एके दिवशीं धनुष्य तेथेंच मोडतें. म्हणून कारागीर थोडें तासतो, थोडें वांकवून पाहतो, पुनः तासतो. काढलेला कीस परत चिकटवितां येत नाहीं. पाठीकडील वार्षिक वलय एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत अखंड राखावें लागतें. तें मध्येंच कापलें गेलें कीं तेथून चीर निघते. असलें ज्ञान पुस्तकांत मावत नाहीं असें नाहीं, पण तें पुस्तकांत येण्यापूर्वीं कोणाच्या तरी बोटांत जिवंत असावें लागतें.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत अमेरिकेंत मॉरिस आणि विल टॉम्प्सन या दोन भावांनीं धनुष्य पुनः हातीं घेतलें. यादवी युद्धांत ते दक्षिणेच्या, म्हणजे पराभूत, बाजूनें लढले होते. १८६५ नंतर त्या बाजूच्या सैनिकांना बंदूक बाळगण्याची मनाई झाली, म्हणून हे दोघे धनुष्यबाण घेऊन फ्लॉरिडाच्या रानांत हिंडले, अशी हकीकत सांगतात. मॉरिसनें १८७८ सालीं लिहिलेल्या पुस्तकानें देशभर धनुर्विद्येची लाट उठली आणि पुढल्याच वर्षीं राष्ट्रीय धनुर्धर संघ स्थापन झाला. थोड्या वर्षांत ती लाट ओसरली. खरें पुनरागमन व्हावयाचें होतें तें निराळ्याच वाटेनें, आणि ती वाट रक्तानें भिजलेली होती.

कॅलिफोर्नियाच्या उत्तरेस लॅसन नांवाच्या ज्वालामुखी पर्वताच्या पायथ्याशीं, खोल दऱ्याखोऱ्यांत, याही नांवाची एक छोटी जमात राहत असे. शेंदोनशें कुटुंबांएवढीहि तिची वस्ती नव्हती. १८४८ सालीं त्या प्रांतांत सोनें सांपडलें आणि गोऱ्या लोकांची झुंबड उडाली. नद्यांत मासे राहिले नाहींत, रानांत हरणें राहिलीं नाहींत. भुकेल्या याहींनीं गुरें मारलीं, तर त्याबद्दल माणसें मारलीं गेलीं. १८६० नंतरच्या दहाबारा वर्षांत सशस्त्र टोळ्यांनीं बायकामुलांसकट या जमातीची कत्तल केली. उरलेलीं मूठभर माणसें दरींत लपलीं आणि जवळजवळ चाळीस वर्षें कोणाच्या दृष्टीस पडलीं नाहींत. धूर दिसूं नये म्हणून लहान चुली, माग लागूं नये म्हणून दगडावरून चालणें, आणि आवाज होऊं नये म्हणून शिकारीला धनुष्य. बंदुकीच्या युगांत धनुष्य टिकलें त्याचें एक कारण तें मुकें आहे, हें.

१९०८ सालीं मोजणी करणाऱ्या एका तुकडीला त्यांची छावणी सांपडली. तेथें एक आजारी वृद्धा पांघरुणाखालीं लपविलेली होती. तुकडींतील लोकांनीं तिला हात लावला नाहीं, पण छावणींतील चीजवस्तु आठवणीखातर उचलून नेली. थंडीवाऱ्याचें जें थोडें साधन होतें तेंहि गेलें. त्यानंतर तीन वर्षांनीं, २९ ऑगस्ट १९११ या दिवशीं, ओरोव्हिल गांवच्या कसाईखान्याच्या आवारांत एक उपाशी, एकटा माणूस आढळला. वय पन्नासच्या सुमाराचें, केंस सुतकाचे म्हणून जाळून आंखूड केलेले. त्याची भाषा कोणालाच कळेना. फौजदारानें त्याला तुरुंगांत ठेवलें, तें शिक्षा म्हणून नव्हे, तर दुसरी जागा सुचेना म्हणून.

कॅलिफोर्निया विद्यापीठांतून टॉमस वॉटरमन हा मानववंशशास्त्राचा अध्यापक शब्दांची यादी घेऊन आला. शेजारच्या, नातें असलेल्या जमातींचे शब्द तो एकामागून एक वाचीत गेला. समोरचा माणूस निर्विकार. शेवटीं त्यानें 'सिविनी' असा शब्द उच्चारला आणि बसल्या खाटेच्या लांकडावर टिचकी मारली. त्या शब्दाचा अर्थ पिवळा देवदार, आणि खाटहि त्याच लांकडाची. त्या माणसाचा चेहरा उजळला. तोहि खाटेवर टिचकी मारून तोच शब्द पुनःपुनः म्हणूं लागला. दोन जगांमध्यें पहिला शब्द पोंचला तो एका लांकडाच्या नांवाचा.

त्याचें स्वतःचें नांव त्यानें अखेरपर्यंत सांगितलें नाहीं. आपलें नांव आपण उच्चारूं नये अशी त्याच्या लोकांची रीत होती, आणि उच्चारणारा दुसरा कोणी उरला नव्हता. वस्तुसंग्रहालयाचा प्रमुख आल्फ्रेड क्रोबर यानें त्याला 'ईशी' म्हणावयास सुरुवात केली. त्याच्या भाषेंत ईशी म्हणजे माणूस. सॅन फ्रॅन्सिस्कोच्या त्या संग्रहालयांतच त्याची राहण्याची सोय झाली. रविवारीं लोक जमत आणि तो गारगोटीसारख्या काळ्या कांचपाषाणाचीं बाणाग्रें घडवून दाखवी. जिवंत माणूस प्रदर्शनांत मांडला गेला हें कोणत्याहि सद्भावनेनें झांकतां येत नाहीं. पण त्याच इमारतीला लागून वैद्यकीय विद्यालय होतें, आणि तेथें १९१२ सालीं सॅक्स्टन पोप नांवाचा एक शस्त्रवैद्य अध्यापक म्हणून आला.

पोप आणि ईशी यांची मैत्री झाली. पोपला हातांनीं काम करण्याची आवड. शस्त्रवैद्याचे डोळे आणि बोटें त्याच्यापाशीं होतींच. तो ईशीच्या शेजारीं बसून पाहूं लागला, मग स्वतः करूं लागला. डोंगरी जुनिपर वृक्षाचें दळ ईशी निवडी. धनुष्याची लांबी तो सुताराच्या पट्टीनें ठरवीत नसे. आडव्या पसरलेल्या हाताच्या टोंकापासून दुसऱ्या बाजूच्या कमरेपर्यंत, म्हणजे सुमारें बेचाळीस इंच. बाहु रुंद आणि चपटे. टोंकें तापलेल्या दगडावर धरून किंचित् मागें वळविलेलीं. मग पाठीवर हरणाच्या पायांतील तांत. ती वाळलेली तांत तो तासन् तास चावून मऊ करी, तिचे तंतु सोडवी आणि सामनमाशाच्या कातड्यापासून काढलेल्या सरसानें ते एकाशेजारीं एक पाठीवर बसवी. वर सालीच्या पट्ट्या गुंडाळून धनुष्य वाळत ठेवी. वाळतांना तांत आकसते आणि पाठ आंवळून धरते. जें लांकूड एरवीं एवढ्या आंखूड लांबींत मोडलें असतें तें तिच्या आधारानें वांकतें. या कामाला दिवसांचा हिशेब नव्हता.

धनुष्य हें त्याच्या दृष्टीनें केवळ साधन नव्हतें. तें ओलांडून जाऊं नये. काम नसेल तेव्हां तें निजवून ठेवावें; उभें ठेवलें तर तें काम करीतच राहतें, त्याला घाम येतो आणि तें थकतें, असें तो मानी. पोथीला पाय लागला तर नमस्कार करणाऱ्या आणि दसऱ्याला हत्यारांना फूल वाहणाऱ्या माणसांना यांत नवल वाटूं नये. शिवाय यांत निव्वळ समजूतच होती असेंहि नाहीं. दोरी चढवून दीर्घकाळ ठेवलेलें धनुष्य खरोखरच थकतें. दाबलेलें पोट पूर्ववत् होत नाहीं, बाक कायमचा राहतो आणि बाणाचा वेग घटतो.

ईशीची दोरी ओढण्याची तऱ्हा इंग्रजांहून निराळी होती. इंग्रज तीन बोटांनीं दोरी ओढतो; ईशी ती आंगठ्यानें ओढी. आशियाच्या मोठ्या भागांत हीच रीत चाले, आणि हिंदुस्थानांतील राजेरजवाड्यांच्या संग्रहांत दिसणाऱ्या जेडच्या नक्षीदार आंगठ्या मुळांत याच कामाच्या. महाभारतांत द्रोणाचार्यांनीं एकलव्यापासून आंगठाच कां मागितला, याचा उलगडा या रीतीवरून चांगला होतो. ज्या विद्येंत आंगठा हाच दोरीचा धनी, तेथेंच ही गुरुदक्षिणा पुरी विद्या हिरावून घेते.

आपल्याकडील लांकडी धनुष्याची कुळकथा मोठी आहे. शिकंदराचा दर्यासारंग निआर्कस याच्या वृत्तांताच्या आधारें आरियन लिहितो कीं, हिंदी पायदळाचें धनुष्य माणसाएवढें उंच असे. तें जमिनीवर टेकवून डाव्या पायानें रेटून दोरी ओढीत. दरबारीं योद्ध्यांनीं पुढें शिंग, तांत आणि लांकूड यांचीं जोडधनुष्यें पत्करलीं, आणि तीं बंदुकीबरोबर मागें पडलीं. सातपुड्यांतील भिल्लाचा बांबूचा कमठा मात्र पडला नाहीं. त्याची दोरीहि बहुधा बांबूच्याच सालीची चिवट पट्टी असते. म्हणजे सगळें आयुध एका बेटांतून निघतें. मराठींत 'तीरकमठा' हा शब्द आजहि कोणाला समजावून सांगावा लागत नाहीं. राजस्थानांतील लिंबाराम हा लहानपणीं बांबूच्या धनुष्यावर शिकलेला आदिवासी मुलगा. १९९२ सालीं बीजिंगच्या आशियाई स्पर्धेंत त्यानें तीस मीटरांच्या प्रकारांत जागतिक उच्चांकाची बरोबरी केली. आपल्या सुशिक्षित समाजानें या कमठ्याकडे कारागिरी म्हणून फारसें पाहिलेलें नाहीं, हें मात्र खरें. पोपसारखा शेजारीं बसून पाहणारा त्याला अधिक मिळावयास हवा होता.

१९१४ सालच्या मे महिन्यांत क्रोबर, वॉटरमन, पोप आणि पोपचा लहान मुलगा ईशीला घेऊन त्याच्या जुन्या दरींत गेले. तेथें त्यानें पायवाटा, लपण्याच्या जागा, शिकारीचीं ठिकाणें दाखविलीं. दोन वर्षांतच, २५ मार्च १९१६ रोजीं, क्षयानें त्याचा अंत झाला. त्याच्या चितेवर त्याचें एक धनुष्य, पांच बाण, ओकफळांच्या पिठाची टोपली, शिंपल्यांचे मणी आणि तंबाखू ठेवण्यांत आली. क्रोबर त्या वेळीं न्यूयॉर्कला होता. शवविच्छेदन करूं नका, असें त्यानें कळकळीनें कळविलें होतें. तरी तें झालें, आणि मेंदू काढून ठेवण्यांत आला. पुढल्या वर्षीं तो मेंदू वॉशिंग्टनच्या स्मिथ्सोनियन संस्थेकडे पाठविला तो त्याच क्रोबरनें. विद्वानांच्या चरित्रांत असल्या जागा असतात, आणि त्या वगळून चरित्र सांगूं नये.

पोपनें १९१८ सालीं ईशीच्या धनुर्विद्येवर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांत लांकूड, तांत, सरस, बाण, पिसें, नेम धरण्याची तऱ्हा, सर्व कांहीं मोजून लिहिलेलें आहे. पुढें त्यानें जगांतील नाना देशांचीं धनुष्यें प्रत्यक्ष ओढून, बाण किती दूर जातो तें मोजून, १९२३ सालीं दुसरा प्रबंध लिहिला. स्वतःच्या वापरासाठीं तो यूच्या लांब इंग्रजी धनुष्याकडे वळला होता, कारण त्याचा बाण अधिक दूर आणि अधिक जोरानें जातो असें त्याला आढळलें. आर्थर यंग या मित्राबरोबर त्यानें १९२० सालीं यलोस्टोनच्या अरण्यांत, वस्तुसंग्रहालयासाठीं म्हणून, बाणांनीं प्रचंड अस्वलें मारलीं; आजच्या वाचकाला ती मर्दुमकी तितकीशी रुचणार नाहीं. पण १९२३ सालींच निघालेल्या त्याच्या शिकारीवरील पुस्तकांत धनुष्य, बाण आणि दोरी घरीं कशीं करावीं याचीं प्रकरणें होतीं. तीं वाचून हजारों लोकांनीं रंधा आणि कानस हातीं घेतली. अ‍ॅस्कमनें जें कारागिराच्या हातीं ठेवलें होतें तें आतां कागदावर उतरलें. पोप १९२६ सालीं वारला.

१९३० नंतरच्या दशकांत क्लॅरेन्स हिकमन या पदार्थविज्ञानवेत्त्यानें धनुष्याचें गणित मांडलें. इंग्रजी धनुष्याच्या पोटाला जो गोल फुगीर आकार असतो त्यांत दाब एका अरुंद पट्टीवर एकवटतो. बाहु रुंद आणि चपटे केले तर तोच दाब पसरतो, असें त्यानें दाखविलें. दुसऱ्या महायुद्धानंतर कांचतंतूंचीं धनुष्यें आलीं. १९६६ सालीं हॉलेस अ‍ॅलन यानें टोंकांना चाकें बसविलेल्या धनुष्याच्या हक्कासाठीं अर्ज केला आणि १९६९ सालीं त्याला तो मिळाला. त्या यंत्रानें ओढ पुरी झाल्यावर हातावरचा भार कमी होतो. नेम सोपा झाला. लांकडी धनुष्य पुनः अडगळींत गेलें.

अडगळींतून तें बाहेर आलें तें कांहीं हट्टी माणसांमुळें. १९८२ सालीं 'मेरी रोझ'चा सांगाडा समुद्रांतून वर काढण्यांत आला. त्या जहाजाच्या उत्खननांत एकशें सदतीस अखंड धनुष्यें आणि साडेतीन हजारांवर बाण सांपडले. त्यांच्या मापांवरून आणि प्रतिकृतींवरून असें दिसलें कीं, तीं ओढावयास शंभर पौंडांपासून एकशेंऐंशींच्या घरापर्यंत जोर लागे. बागेंतील धनुर्धरांना या आंकड्यांवर विश्वास बसेना, इतका त्यांच्या खेळाचा आणि जुन्या विद्येचा दुरावा वाढला होता.

दुसरा प्रश्न लांकडाचा. यू मिळत नाहीं, तर सामान्य माणसानें काय करावें? अमेरिकेंतील कांहीं कारागिरांनीं ओक, एल्म, अ‍ॅश, हिकरी अशीं हाताशीं मिळणारीं लांकडें घेतलीं आणि बाहु रुंद व चपटे राखून पाहिलें. धनुष्यें टिकलीं, आणि त्यांचा वेग यूच्या धनुष्याहून कमी भरला नाहीं. १९९२ सालीं अशा अनेक कारागिरांनीं मिळून लिहिलेल्या ग्रंथमालेचा पहिला खंड निघाला, आणि सरळ रेषा असलेली वखारींतली ओकची फळी सुद्धां धनुष्य होऊं शकते हें घरोघर कळलें. साडेपांच ते सहा फूट लांबी, मधल्या भागांत दीड ते दोन इंच रुंदी, टोंकांकडे निमुळती. मग कानस आणि धीर. इतका अनुभव घेतल्यावर मागें वळून पाहतां एक गंमत ध्यानांत आली. डेन्मार्कमध्यें होल्मेगार्ड येथील दलदलींत १९४४ सालीं जें धनुष्य सांपडलें होतें, सुमारें नऊ हजार वर्षांपूर्वींचें, तें एल्मचेंच होतें, आणि त्याचे बाहु रुंद व चपटेच होते. बेचाळीस इंचांचें का होईना, ईशीचेंहि तसेंच.

त्याच वर्षांत ईशीच्या मेंदूचा शोध लागला. तो अजून स्मिथ्सोनियनच्या संग्रहांत होता. याहींशीं रक्ताचें नातें सांगणाऱ्या रेडिंग आणि पिट रिव्हर येथील जमातींनीं तो मागितला, आणि २००० सालीं तो व त्याच्या अस्थि त्यांच्या स्वाधीन करण्यांत आल्या. लॅसनच्या पायथ्याच्या प्रदेशांत त्यांनीं त्या एकत्र पुरल्या. जागा कोणती तें त्यांनीं बाहेर सांगितलेलें नाहीं.